तुम्ही विचारलंत म्हणून: ताईचं औषध मला का नाही

“ताईला रिटुक्सिमॅबने गुण आला, मग तू का नाही घेत?” मामी विचारतात, शेजारच्या काकू विचारतात, परवा औषधाच्या दुकानातही कुणीतरी विचारलं. विचारणं मायेचंच असतं. पण मीच हट्टाने नाही म्हणतेय, असा सूर त्यात ऐकू येतो आणि तो मला लागतो. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

ताईचा रुमॅटॉइड संधिवात, माझा अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याचं अस्तर सुजून त्यात जखमा होण्याचा आजार. रिटुक्सिमॅब रक्तातल्या बी पेशी, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, संपवतं. माझ्या आतड्यात त्यांचा उच्छाद नाही, असं मी कधीच म्हटलेलं नाही. माझ्या बायॉप्सीच्या रिपोर्टवर ‘बेसल प्लाझ्मासायटोसिस’ असं स्वच्छ छापलेलं आहे. आतड्याच्या अस्तराच्या तळाशी प्लाझ्मा पेशींची दाटी झाली आहे, असा त्याचा अर्थ. बी पेशी वाढून अँटिबॉडी सोडू लागल्या की त्यांनाच प्लाझ्मा पेशी म्हणतात.

तोच रिपोर्ट घेऊन आम्ही दोघी डॉक्टरांकडे गेलो होतो. स्टिरॉइडने चेहरा सुजलेला, तरी रक्त पडणं थांबत नव्हतं. रात्र रात्र संडासात जायची. मी बोलायच्या आधीच ताई बोलली, “हिला माझं औषध द्या ना, डॉक्टर. खर्चाचं आम्ही बघू.” डॉक्टर शांतपणे म्हणाले की ते करून बघितलेलं आहे. लिव्हरपूलच्या डॉक्टरांनी केलेली चाचणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. स्टिरॉइडला दाद न देणारे २४ रुग्ण. १६ जणांना रिटुक्सिमॅब दिलं, ८ जणांना नुसतं सलाईन. चार आठवड्यांनी आजार शांत झाला तो १६ पैकी ३ जणांचा आणि ८ पैकी एकाचा. याला फरक म्हणता येत नाही.

ताईने विचारलं, “पण त्या तिघांचं काय?” डॉक्टर गप्प राहिले. बाहेर जिन्यापाशी तिने माझा दंड घट्ट धरला. वर्षभरापूर्वी जिला बरणीचं झाकण उघडता येत नव्हतं, तिची ती पकड. “मला बरं वाटतंय याची लाज वाटते गं,” असं म्हणाली आणि रडली. मी तिला जवळ घेतलं नाही. मला तिचा राग आला होता, तिच्या बऱ्या झालेल्या बोटांचा राग. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

त्या दिवशीची मी अजून माझ्याशी भांडते. ती जुनी मी म्हणते, २४ माणसांवरून जगभरच्या रुग्णांना दार बंद करायचं? शिवाय त्या चाचणीत औषध घेतलेल्यांपैकी निम्म्यांना चौथ्या आठवड्यात थोडा तरी फरक पडलाच होता. मी म्हणते, हो, आणि त्यातल्या निम्म्यांचा तो बाराव्या आठवड्यापर्यंत टिकला नाही. मग मी तिला शिकलेलं सांगते. रिटुक्सिमॅब सीडी२० हे प्रथिन असलेल्या पेशी पकडतं, आणि प्लाझ्मा पेशींवर सीडी२० नसतंच. म्हणजे माझ्या रिपोर्टवर ज्यांचं नाव आहे, त्याच सुटतात. यावर ती म्हणते, ताईच्याही प्लाझ्मा पेशी सुटल्याच की, मग तिला कसा गुण आला? इथे माझी बोलती बंद होते.

आणखी एक गोष्ट आहे, जिची मला खरी भीती वाटते. काही बी पेशी आयएल-१० नावाचं दाह शमवणारं प्रथिन सोडून दाह आवरतात. आतड्यातल्या प्लाझ्मा पेशी आयजीए ही अँटिबॉडी सोडून जंतूंना अस्तरापासून दूर ठेवतात. दुसऱ्याच आजारासाठी रिटुक्सिमॅब घेतलेल्या काही रुग्णांना कोलायटिस झाल्याच्या, असलेला भडकल्याच्या नोंदी आहेत. शत्रू आणि राखणदार एकाच घरातले आहेत, मामी. कुणाला मारायचं?

तरीही बी पेशींना मी निर्दोष ठरवणार नाही. कोलायटिसमध्ये आयजीए सोडणाऱ्या पेशींच्या तुलनेत दाह वाढवणारी आयजीजी ही दुसरी अँटिबॉडी सोडणाऱ्या पेशी बळावतात. २०२१ मध्ये क्योटोच्या संशोधकांना बहुतेक कोलायटिस रुग्णांच्या रक्तात आतड्याच्या अस्तरावरच्याच एका इंटिग्रिनविरुद्धच्या (पेशींना आजूबाजूला धरून ठेवणाऱ्या प्रथिनाविरुद्धच्या) अँटिबॉडी सापडल्या. पुढे कळलं की निदानाच्या कित्येक वर्षं आधीही त्या काहींच्या रक्तात असतात. हे वाचून मला झोप लागली नव्हती. त्या आजार घडवतात की नुसती त्याची खूण आहेत, हे अजून सिद्ध व्हायचंय.

सध्या मी व्हेडोलिझुमॅब घेते. पांढऱ्या पेशींना, त्यांत बी पेशींच्या वंशातल्याही आल्या, रक्तातून आतड्यात शिरताना ते अडवतं. बरं आहे, पण पूर्ण नाही. ताई आता हा प्रश्न विचारत नाही. दर तपासणीला मीच डॉक्टरांना विचारते, प्लाझ्मा पेशींवरच नेम धरणारं काही आमच्यासाठी येतंय का?