बसचा फुकट पास आला, पण जरा उशिरा

स्कॉटलंडमध्ये २२ वर्षांखालच्या सगळ्यांना बसप्रवास फुकट आहे. कार्ड मशीनला टेकवायचं की झालं. ग्लासगोहून थेट इन्व्हरनेसला गेलात तरी एक पेनी लागत नाही. योजना सुरू झाली ३१ जानेवारी २०२२ ला. परवा ग्लासगोतल्या डेनिस्टून भागातल्या कॅफेत ज्या पोरापोरींबरोबर मी गप्पा मारत बसले होते, त्यांनी शाळेत असताना बसभाड्यासाठी किती भांडणं केली होती, ते मी पाहिलंय. आणि योजना आली तेव्हा त्यातल्या बहुतेकांची बाविशी उलटून गेली होती! धाकटी भावंडं मात्र ऐटीत फिरतात.

ही सगळी आमच्या भागातल्या युवा मंचाची जुनी मुलं. इथे बऱ्याच ठिकाणी नगरपालिकेच्या मदतीने असे मंच चालतात. शाळकरी मुलं संध्याकाळी जमतात, आपल्या भागात काय हवं-नको ते ठरवतात आणि नगरसेवकांना बोलावून त्यांच्यापुढे मांडतात. मी तिथे स्वयंसेवक होते. मुलांबरोबर काम करायचं तर आधी पीव्हीजी नावाची सरकारी पडताळणी होते. ती झाली की तुमच्या वाट्याला येतं हॉल उघडणं, पिझ्झा मागवणं आणि शक्यतो तोंड बंद ठेवणं. शेवटचं मला सगळ्यात जड गेलं. आमच्या कॉलेजात वर्गात पहिला येईल तोच सीआर, म्हणजे वर्गप्रतिनिधी, व्हायचा, निवडणूक नाहीच. त्यामुळे पंधरा वर्षांची पोरगी नगरसेवकाला मध्येच थांबवून ‘हे उत्तर नाही झालं’ म्हणते, हे पचायला वेळ लागला.

तीच पोरगी आता नर्स आहे. तिचा एक राग अजून गेलेला नाही. २०१४ च्या स्वातंत्र्याच्या सार्वमतात सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना पहिल्यांदा मत होतं, म्हणून तिचा भाऊ सोळाव्या वर्षी मत देऊन आला. २०१६ ला ब्रेक्झिटचं सार्वमत झालं तेव्हा ती सतराची होती, पण तिथे अट अठराची. “दोन वर्षांत सोळा वर्षांची मुलं बिनडोक झाली का?” हा प्रश्न ती तेव्हाही विचारायची, परवाही विचारला.

मंचामुळे मुलांमध्ये नेतृत्वगुण येतात, असं अशा उपक्रमांच्या पत्रकात छापलेलं असतं. मला ते काही खरं वाटत नाही. यातलं कुणी नेता झालेलं नाही. स्कॉटिश युथ पार्लमेंटला उभा राहिलेला एकजण हरला आणि आता मजेत प्लंबिंग करतो. पण नर्सबाईंनी वॉर्डातला एक किस्सा सांगितला. रात्रपाळ्यांचं नवं वेळापत्रक आलं, मीटिंगमध्ये सगळ्या कुरकुरत होत्या. हिने एवढंच विचारलं, “हे ठरवलं कुणी? ती व्यक्ती इथे बसली आहे का?” नव्हतीच. मग पुढच्या मीटिंगला तिला बोलवायचं ठरलं. वेळापत्रक अर्धंमुर्धंच बदललं, पण बदललं. हा प्रश्न थेट मंचातला आहे. फोटो काढून गायब होणाऱ्या एका नगरसेवकाने तो त्यांना फुकटात शिकवला, असं म्हणायला हरकत नाही.

मंचात कधीच न बोलणारा, फक्त इतिवृत्त लिहिणारा मुलगा आता भाडेकरूंच्या घरातल्या ओलीच्या तक्रारी लढवतो. घरमालकाला पाठवलेलं एक पत्र त्याने फोनवर दाखवलं. तारीखवार नोंदी, भिंतीचे फोटो, कोण काय म्हणालं ते शब्दशः. त्याच्या वहीत मी हेच वर्षानुवर्षं पाहिलं होतं.

मग विषय निघाला, आता वेस्टमिन्स्टरच्या, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या, निवडणुकीतही सोळाव्या वर्षी मत देण्याचा. सरकारने जुलै २०२५ मध्ये तसं जाहीर केलंय. होलीरूडच्या, म्हणजे स्कॉटिश संसदेच्या, निवडणुकीत तो हक्क २०१५ च्या कायद्यापासून आहेच. सगळे खूश. तेवढ्यात प्लंबरने शांतपणे सांगून टाकलं की जुलै २०२४ च्या निवडणुकीत तो मतदानालाच गेला नव्हता. कामावरून यायला उशीर झाला आणि खरं तर कुणालाच द्यावंसं वाटलं नाही. मग जे जुंपलं! कॅफेवाला टेबलांवर खुर्च्या उलट्या टाकायला लागला तरी कुणी उठेना. नर्सबाई तर पाळीला उशीर होतोय असं म्हणत, कोट अंगात घालून, दारात उभ्या राहून भांडत होत्या.