दोन कॅमेरे, एक कॅरम बोर्ड : अखेर उजवा व्ह्यू आटला

मागच्या नोंदीत रडून झालं होतं की एमव्ही-एचईव्हीसी (दोन कॅमेऱ्यांचे व्हिडिओ एकमेकांच्या आधाराने एकाच फाइलमध्ये दाबायची पद्धत) लावूनही उजव्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ डाव्याच्या जवळजवळ बरोबरीने जागा खातो. मग दोन वेगळ्या फाइल काय वाईट होत्या? पंधरा दिवस एक्स२६५ या व्हिडिओ दाबणाऱ्या सॉफ्टवेअरच्या सेटिंग चाळल्या. दोष तिथे फारसा नव्हताच, तो होता चित्रीकरणात.

मांडणी तीच : रास्पबेरी पाय ५ हा छोटा संगणक, त्याचे दोन कॅमेरा मॉड्यूल ३, मधलं अंतर साडेसहा सेंटिमीटर, बोर्ड दीड मीटरवर. कच्चा १०८०पी, ३० फ्रेम. दोघांचा मिळून सेकंदाला सुमारे १८७ एमबी डेटा, त्यामुळे एसडी कार्ड बाद, एसएसडीच हवा.

पहिलं दुखणं वेळेचं. उजवी फ्रेम डाव्याच्या त्याच क्षणाच्या फ्रेमवरूनच बेतता येते, मागच्यापुढच्या नाही. माझे कॅमेरे अर्धी फ्रेम, म्हणजे सोळा-सतरा मिलिसेकंद चुकत होते. स्ट्रायकर सेकंदाला दोन मीटरने सुटला तर तेवढ्यात तीन सेंटिमीटर सरकतो, म्हणजे अख्खी एक सोंगटी! आता एका कॅमेऱ्याला सिंक सर्व्हर केलंय, दुसऱ्याला क्लायंट, म्हणजे दुसरा पहिल्याशी वेळ जुळवून घेतो.

दुसरं, ऑटो फोकस आणि ऑटो व्हाइट बॅलन्स. दोघं आपापल्या मर्जीने रंग ठरवत होते. एमव्ही-एचईव्हीसीत ब्लॉक (चित्राचे छोटे चौकोन) पातळीवर नवं काहीच नाही, शेजारच्या कॅमेऱ्याची फ्रेम फक्त संदर्भयादीत (ज्यांवरून बेतायचं त्या फ्रेमच्या यादीत) येऊन बसते. ३डी-एचईव्हीसी या तिच्या भावंड पद्धतीसारखी उजेडातला फरक भरून काढायची सोय त्यात नाही. शटर, गेन, रंग, लेन्सची जागा, सगळं हाताने बांधून टाकलं.

तिसरं मात्र गमतीदार. या लेन्सचं आडवं दृश्य ६६ अंश, त्यावरून गणित केलं तर बोर्डावरचा बिंदू दोन चित्रांत साधारण ६४ पिक्सेल सरकलेला येतो. एक्स२६५ चा मेरेंज (जुळणारा ब्लॉक किती पिक्सेलपर्यंत शोधायचा ती मर्यादा) मुळात ५७. सात पिक्सेलनी घोडं अडलं! शेजारच्या ब्लॉकचा वेक्टर (तो किती सरकला ते माप) हाताशी असला की शोध तिथून सुरू होतो, पण पहिल्या ब्लॉकने शेजारी आणायचा कुठून? मेरेंज ९२ केला. वेग मार खातो, खाऊ दे.

आता उजवा व्ह्यू डाव्याच्या पाऊणपटीच्याही खाली आलाय. पण हुरळून जाऊ नका. की-फ्रेम मी दर सेकंदाला ठेवतो, आणि खरी बचत तिथेच होते : डावीकडे आय-फ्रेम (दुसऱ्या कुठल्याच फ्रेमवर न बेतलेली, म्हणून जड), तर उजवीकडची फ्रेम तिच्यावरून बेतलेली. एरवी स्थिर बोर्ड आधीच्या फ्रेमवरून फुकटातच मिळतो. की-फ्रेम दर २५० फ्रेमला एक अशा नेल्या की एकूण फाइल लहान होते, पण माझी शेखी निम्मी उतरते.

उरली ती पॉलिशवरची दिव्याची चकाकी. ती दोन्ही डोळ्यांना वेगवेगळ्या जागी दिसते, त्यामुळे तिथले ब्लॉक काही केल्या जुळत नाहीत. पुढच्या रविवारी दिवा भिंतीकडे वळवून बघतो. पोरांनी बोरिक पावडर कमी टाकली तर आणखी बरं.