जर्मनीत दाढेची कॅप: ६० टक्के नेमके कशाचे?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडून जर्मनीला निघालेल्यांनी हे आधी वाचा. सरकारी विम्याचं कार्ड असलं की तपासणी होते, आणि दाढ वाचण्यासारखी असेल तर बहुतेक वेळा रूट कॅनालही त्यातच बसतं. अडतं ते कॅपपाशी.

कॅपसाठी डेंटिस्ट आधी ‘हाइल-उंड-कोस्टेनप्लान’ करतो, म्हणजे उपचार आणि खर्चाचा आराखडा. तो विमा संस्थेकडे, तिथल्या भाषेत ‘कासे’कडे, ऑनलाइन जातो. मंजुरीआधी काम सुरू केलं तर अनुदान बुडतं. माझा आराखडा कासेकडे नुसता पडून होता. फोन केला की ‘बघतोय’. इकडे रूट कॅनाल झालेली दाढ तात्पुरत्या सिमेंटवर. अशी दाढ ठिसूळ असते, कडक काही चावलं तर उभी चिरते. संताप येतो. कायद्यानं कासेला ३ आठवड्यांत निर्णय द्यावा लागतो, तज्ज्ञाचं मत मागवलं तर ६ आठवड्यांत. उशीर होणार असेल तर कारण लेखी कळवावं लागतं. म्हणून आराखडा कधी पोचला ती तारीख दवाखान्यातून घ्या आणि लेखीच विचारा. मी लेखी विचारलं तेव्हाच कागद हलला.

पुढचा घोळ पैशाचा. ‘कासे ६० टक्के देते’ असं सगळे सांगतात. ते ६० टक्के तुमच्या बिलाचे नव्हेत, साध्या उपचाराच्या ठरवून दिलेल्या खर्चाचे. समजा तो खर्च ४०० युरो, तर अनुदान २४०. तुम्ही ८०० युरोची सिरॅमिक कॅप घेतली तरी २४०च. उरलेले ५६० खिशातून. सही करण्याआधी आराखड्यात ‘तुमचा वाटा’ तेवढा बघा. अगदी मागची दाढ असेल तर धातूचीच घ्या, भक्कम असते. उत्पन्न कमी असेल तर ‘हेर्टेफाल’चा, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या सवलतीचा अर्ज करा, साध्या उपचाराचा ठरवून दिलेला खर्च पूर्ण मिळतो.

आणि हो, ‘बोनुसहेफ्ट’, म्हणजे तपासणीच्या शिक्क्यांची वही, पहिल्याच तपासणीला मागून घ्या. दरवर्षी तपासणीचा शिक्का पडला की सलग ५ वर्षांनी ७०, १० वर्षांनी ७५ टक्के मिळतात.

खरं तर निघण्याआधीच बेळगावात दाढा दाखवा. केएलई आणि मराठा मंडळ, दोघांचीही डेंटल कॉलेजं आहेत. कॅप विमानाच्या आदल्या दिवशी बसवू नका, उंच लागली तर घासून घ्यायला परत जावं लागतं. ओपीजी, म्हणजे सगळ्या दातांचा एकत्र एक्स-रे, मोबाइलमध्ये ठेवा. सुट्टीत बेळगावात केलेल्या कॅपचे पैसे कासे देत नाही, तरी दोन्हीकडचे आकडे मांडून बघा. जर्मनीतच करायचं ठरलं तर मंजुरी ६ महिनेच चालते, ते धरून तिकीट काढा.