मुक्ती मिशन, केडगाव : रमाबाईंच्या अंगणात

पुण्याहून दौंडच्या पॅसेंजरने निघालं की हडपसर, मांजरी, लोणी, उरुळी, यवत, खुटबाव अशी स्टेशनं मागे टाकत गाडी केडगावला येते. यवत सोडलं की दोन्ही बाजूंना ऊस सुरू होतो. गुऱ्हाळं चालू असली तर काकवीचा वास थेट डब्यात येतो. बाजाराचा दिवस असेल तर दारात पिशव्या, पाट्या आणि माणसं यांतून वाट काढत उतरावं लागतं. केडगाव म्हटलं की बहुतेकांना गुळाचा बाजार आठवतो. आमच्या घरात मात्र केडगाव म्हणजे मुक्ती. पंडिता रमाबाईंनी निराधार बायकामुलींसाठी उभारलेलं मुक्ती मिशन.

माझ्या आईची आजी तिथे वाढली. छप्पनच्या दुष्काळात, म्हणजे 1900 च्या सुमाराला, गुजरातेतून ज्या मुली रमाबाईंनी केडगावला आणल्या त्यांतली ती एक. तिचे आईवडील कोण, गाव कोणतं, हे घरात कुणालाच माहीत नाही. ती मराठी शिकली, वाचायला शिकली, मुक्तीतच तिचा बाप्तिस्मा झाला आणि पुढे नगरकडच्या एका ख्रिस्ती कुटुंबात तिचं लग्न झालं. आई तिची एकच आठवण पुन्हा पुन्हा सांगायची. बाजरी निवडताना एखादा दाणा जमिनीवर सांडला तरी पणजी हातातलं काम थांबवून तो उचलायची, पदराला पुसायची आणि सुपात टाकायची. तोंडाने कधी काही बोलली नाही म्हणे.

आई गेल्यानंतर मला केडगावला जावंसं वाटायला लागलं. शेवटची दोन वर्षं ती अंथरुणावर होती आणि तिचं सगळं मीच करत होते. ती गेल्यावर माणसं आली, पाळकसाहेब आले, घरात प्रार्थनासभा झाल्या. रविवारी मी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, जात होते, उपासना संगीत हे आमचं गीतांचं पुस्तक उघडून सगळ्यांबरोबर गात होते. पण मन थाऱ्यावर येईना. रात्री जाग यायची आणि डोक्यात तेच चालू व्हायचं. आणखी एका डॉक्टरांना दाखवायला हवं होतं का? त्या दिवशी ती पाणी मागत होती तेव्हा मी वैतागले होते का? प्रार्थनेला गुडघे टेकले की प्रार्थना राहायची बाजूला आणि मी देवापुढे जमाखर्च मांडत बसायचे. किती केलं, किती राहिलं. आमच्या महिला मंडळातल्या एक मावशी म्हणाल्या, "केडगावला जाऊन ये. मी कळवते तिथे. राहा दोन दिवस." मी निघाले.

मुक्तीच्या आवारात शिरल्यावर पहिल्यांदा जाणवतो तो त्याचा विस्तार. मोठी झाडं, बैठी घरं, शाळा, शेत, गोठा आणि मधोमध चर्च. रमाबाईंनी ही जमीन मुळात फळबागेसाठी घेतली होती. झाडांचं उत्पन्न येईल, त्यावर विधवांसाठीचं शारदा सदन चालेल, असा विचार होता. मग 1896-97 चा दुष्काळ पडला. मध्य प्रांतात माणसं रस्त्यावर मरत होती. रमाबाई तिकडे गेल्या आणि मुलींना, बायकांना घेऊन आल्या. त्याच सुमाराला पुण्यात प्लेग आला आणि इतक्या मुली शहरात ठेवणं अशक्य झालं. तेव्हा केडगावच्या या जमिनीवर झोपड्या उभ्या राहिल्या, विहिरी खणल्या गेल्या. 1898 मध्ये मुक्ती सदन रीतसर उभं राहिलं. 1900 नंतर इथल्या बायकामुलींची संख्या दोन हजारांच्या घरात गेली होती. विणकाम, शिवण, शेती, दुधाचा धंदा, छापखाना, सगळं याच बायका चालवत. रमाबाईंची मुलगी मनोरमा ब्रेल शिकली आणि इथल्या अंध मुलींना वाचायला शिकवू लागली.

रमाबाईंना दुष्काळ काय असतो हे पुस्तकातून कळलेलं नव्हतं. त्यांचा जन्म 23 एप्रिल 1858 चा, कर्नाटकातल्या गंगामुळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून समाजाचा रोष पत्करला होता. पुढे सगळं कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत देशभर फिरलं. होतं नव्हतं ते दानधर्मात गेलं, आणि दुष्काळात आई, वडील, थोरली बहीण एकामागून एक उपासमारीने गेले. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास तेवढे उरले. व्रतं, उपास, दानं, जे जे शास्त्रात सांगितलं ते या घराने केलं होतं आणि तरी हे घडलं. ही जखम त्यांच्या लिहिण्यात जागोजाग दिसते. 1878 मध्ये कलकत्त्याला पंडितांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. दोन वर्षांनी भाऊ गेला. बिपिन बिहारी मेधवींशी लग्न झालं आणि 1882 मध्ये तेही पटकीने गेले. पदरात तान्ही मनोरमा आणि वय अवघं तेवीस.

1883 मध्ये त्या इंग्लंडला, वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींच्या मठात गेल्या. तिथे बरोबरच्या मैत्रिणीने, आनंदीबाई भगत यांनी, आयुष्य संपवलं. तो धक्का त्यांनी कसा सोसला असेल याची कल्पना करवत नाही. याच इंग्लंडच्या मुक्कामात भगिनींनी त्यांना लंडनजवळच्या फुलहॅमला नेलं. समाजाने टाकून दिलेल्या बायकांना तिथे प्रेमाने सांभाळलं जात होतं. तुम्ही हे का करता, असं रमाबाईंनी विचारलं. उत्तर म्हणून एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. विहिरीवर पाण्याला आलेली, गावाने नावं ठेवलेली बाई, आणि तिच्याकडे पाणी मागणारा येशू. 29 सप्टेंबर 1883 ला रमाबाईंनी मनोरमासह बाप्तिस्मा घेतला.

बहुतेक लोक त्यांच्या श्रद्धेची गोष्ट इथेच संपवतात. मलाही शाळेत एवढंच माहीत होतं. पण त्यांनी स्वतः 1907 मध्ये लिहिलेली साक्ष, म्हणजे आपल्या श्रद्धेची हकिगत, मी मुक्तीत, दुपारी झाडाखाली बसून, पहिल्यांदा सलग वाचली आणि एका जागी थबकले. त्या लिहितात की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षं गेली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, पण ख्रिस्त सापडलेला नाही.

आठ वर्षं! या आठ वर्षांत त्या काय बसून होत्या? अमेरिकाभर व्याख्यानं दिली, विधवांसाठी पैसा उभा केला, 11 मार्च 1889 ला मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढे धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केलेल्या आनंदीबाई. इतकं काम हातून होत होतं, जग वाखाणत होतं, आणि आत ही बाई अस्वस्थ होती. आपण आणखी काय केलं म्हणजे देव आपल्याला आपलं म्हणेल, हा प्रश्न तिला सोडत नव्हता. लहानपणी व्रतांचा जो हिशेब चालायचा तोच नवा धर्म घेतल्यावरही चालू राहिला. 1891 च्या सुमाराला तो सुटला. आपण आहोत तशा, रिकाम्या हाताने, ख्रिस्तापुढे उभं राहायचं. बाकीचं त्याने वधस्तंभावर केलेलं आहे. एवढंच त्यांना कळलं, आणि आत शांती आली असं त्या सांगतात.

माझ्या मते रमाबाईंच्या चरित्रात 1883 पेक्षा 1891 मोलाचं आहे. कारण त्यानंतर जे आलं ते सोसणं शांतीवाचून शक्य नव्हतं. 1893 मध्ये सदनात धर्मांतर होतं म्हणून पुण्यात टीकेचं मोहोळ उठलं आणि पालकांनी मुली काढून नेल्या. दुसऱ्या बाजूने इंग्लंडमधल्या ज्या भगिनींनी त्यांना लेकीसारखं जवळ केलं त्यांच्याशीही पत्रांतून खडाजंगी चालायची, कारण कुणी सांगितलं म्हणून एखादी गोष्ट मान्य करणं रमाबाईंना जमत नसे. हिंदू समाजात परक्या आणि मिशनरींच्या जगातही पुरत्या न सामावणाऱ्या. तरी पाच-सात वर्षांत हीच बाई दुष्काळात मेलेल्यांच्या लेकरांना उचलून आणत होती. त्यांतच माझी पणजी होती.

साक्ष मिटून मी स्वयंपाकघराकडे गेले. तिथे बायका कूट करण्यासाठी भाजलेले शेंगदाणे चोळत होत्या. मलाही एक ताट दिलं. दोन्ही तळव्यांमध्ये मूठभर दाणे धरायचे, चोळायचे, फुंकर मारायची. सालं उडतात आणि पांढरे दाणे राहतात. काळपट निघाला तर बाजूला. लहानपणापासून तिथेच राहिलेल्या एक ताई माझ्याशेजारी होत्या. हळूहळू मी आईचं सांगायला लागले, ते डॉक्टरांचं, पाण्याचं, सगळं. त्यांनी मान वर न करता ऐकलं. मग म्हणाल्या, "झालं तेवढं झालं म्हणावं, ताई. राहिलेलं त्याच्या पायाशी ठेवावं. रोज उचलून परत घरी न्यायचं नाही." आणि मला म्हणाल्या, "ते खवट दाणे बघा, तुमच्याकडे जास्त आलेत."

संध्याकाळी उपासना होती. मुलींच्या मागे मी खाली बसले. गाणं सुरू झालं ते कवी ना. वा. टिळकांचं. टिळक रमाबाईंच्याच काळातले. 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकारामांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची आणि त्यांची त्यानंतर काही वर्षं ताटातूट झाली, तेही विसरून चालणार नाही. या श्रद्धेची किंमत आपल्या माणसांनी घराघरांत मोजली आहे. पण ओवीच्या, अभंगाच्या चालीवर ख्रिस्ताला हाक मारायला आम्हाला टिळकांनी शिकवलं आणि त्याबद्दल माझं मन त्यांच्याविषयी कायम भरलेलं असतं. त्या संध्याकाळी मी नुसती तोंडाने गात नव्हते.

मग मत्तयातलं वचन वाचलं गेलं. "अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन." हे वचन आमच्या घरात भिंतीवर फ्रेममध्ये आहे. जन्मापासून मी ते पाहत आले आहे. त्यात येण्याआधी हिशेब पुरा करून या, असं कुठेही लिहिलेलं नाही, हे मला तिथे बसल्यावर दिसलं. मी रडले, बराच वेळ रडले. कुणी जवळ येऊन समजूत घातली नाही, याचंही बरं वाटलं. त्या रात्री मला सलग झोप लागली. हे वाचणाऱ्याला फार मोठं वाटणार नाही. ज्याने घरात कुणाचं आजारपण काढलंय आणि नंतरच्या रात्री जागून काढल्यात त्याला कळेल.

सकाळी रमाबाईंचं छापखान्याचं काम पाहिलं. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबल मराठीत आणलं, तेही खेड्यातल्या साध्या बाईला कळावं अशा भाषेत. वर्षानुवर्षं हे काम चाललं. खिळे जुळवणं, छापणं, बांधणी, सगळं मुक्तीतल्या बायकांनी केलं. शेवटी शेवटी रमाबाईंना ऐकू फार कमी यायचं. 1921 च्या जुलैमध्ये मनोरमा गेली. जिला काखोटीला मारून इंग्लंड गाठलं, जिच्या हाती मुक्ती सोपवायची होती, ती एकुलती एक लेक आईआधी गेली. आणि आई भाषांतराची मुद्रितं तपासत राहिली. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या. बायबल छापून 1924 मध्ये बाहेर आलं. मनोरमेच्या मृत्यूनंतरच्या त्या आठेक महिन्यांचा विचार मी अजून करते. त्यांना दुःख झालं नसेल असं कोण म्हणेल? पण त्या दुःखाने त्यांचा हात थांबवला नाही. त्यांना जी शांती मिळाली होती ती अशा प्रकारची होती, आणि मला तीच हवी आहे.

आईची आठवण आता येते ती बहुतेक वेळा पणजीच्या बाजरीच्या गोष्टीसकट येते. पुण्याला परतल्यावर आमच्या मंडळीतल्या, घरी आजारी माणूस असलेल्या दोन बायकांकडे मी आठवड्यातून एकदा जाऊन बसायला लागले आहे. त्यांना दोन तास बाहेर पडता येतं, बँकेचं काम करता येतं, नाहीतर शेजारच्या खोलीत नुसतं झोपता येतं.

कुणाला केडगावला जायचं असेल तर थोडं सांगून ठेवते. ही बायकामुलींची राहती घरं आहेत, पर्यटनस्थळ नाही. आधी कळवून, परवानगी घेऊनच जावं आणि मुलींचे फोटो काढू नयेत. जमलं तर रविवारची उपासना साधा. स्टेशनपासून फार लांब नाही, रिक्षाने जाता येतं. जाण्यापूर्वी रमाबाईंची साक्ष वाचून गेलात तर उत्तम; छोटीशी आहे. मी तिथून पुढे दौंडला गाडी बदलून नगरला गेले, टिळकांचं आणि पणजीच्या सासरचं नगर बघायला. त्याबद्दल पुढच्या लेखात.