नवी टपालगाडी माझ्या रूटला आली तो दिवस

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या अथेन्समध्ये मी पोस्टमन आहे. मूळचा नागपूरचा, त्यामुळे ऊन मला नवं नाही. पण ऑगस्टमधल्या दुपारी एलएलव्ही, म्हणजे आमची जुनी टपालगाडी, चालवणं फार कठीण. 1987 ते 1994 या काळात बनलेल्या या गाड्या, अ‍ॅल्युमिनियमची बॉडी, एसी नाही. डॅशबोर्डवरचा छोटा पंखा गरम हवाच तोंडावर मारतो.

2024 च्या उन्हाळ्यात ऑशकॉश कंपनीची विजेवरची नवी गाडी माझ्या हाती आली. आधी मागे शिरलो आणि सरळ उभा राहिलो! एवढी वर्षं कमरेत वाकूनच पार्सलं काढत आलो होतो.

स्टीअरिंग जुन्या गाडीसारखं उजवीकडेच. ते हवंच. इथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, मग बाजारातली डाव्या स्टीअरिंगची व्हॅन उजव्या कडेच्या मेलबॉक्सला काय कामाची? दर घरी उतरा, वळसा घाला, पुन्हा चढा. आणि आमचं काम म्हणजे दहा पावलं जा, थांबा, पुन्हा निघा. अशा चालीत एलएलव्ही गॅलनला जेमतेम आठ-नऊ मैल देते. विजेच्या गाडीत ब्रेक लावताना थोडी वीज बॅटरीत परत जाते, थांबल्यावर इंजिन घरघरत राहत नाही. टपालासाठी वीजच योग्य, असं माझं ठाम मत त्याच दिवशी झालं.

दिसायला ही गाडी बदकासारखी, म्हणून लोकांनी तिची खूप टिंगल केली. दुपारी एका वळणावर तीन-चार वर्षांचं पोर तीनचाकी घेऊन गाडीसमोर आलं. बॉनेट इतकं बुटकं आणि काच इतकी खालपर्यंत की मला त्याच्या सँडलचा सुटलेला पट्टाही दिसला. आरामात थांबलो. त्या ध्यानाचा उपयोग हा असा आहे.

टपाल खात्याच्या सुरुवातीच्या योजनेत नव्या गाड्यांपैकी विजेच्या किमान 10 टक्के, एवढंच ठरलं होतं. त्यावरून खटले झाले. डिसेंबर 2022 मध्ये टपाल खात्याने 2028 पर्यंत 66,000 विजेच्या गाड्या घेण्याचं जाहीर केलं. त्या सगळ्या याव्यात, असं मला मनापासून वाटतं.

संध्याकाळी गाडी चार्जरला लावायला निघालो, तर एलएलव्हीवरचा आमचा सगळ्यात जुना सहकारी आला. शर्ट घामाने चिंब. एसी चालू करून त्याला आत बसवलं. मग सुपरवायझरकडे गेलो आणि म्हटलं, पुढची गाडी येईल ती आधी यांच्या रूटला द्या, यांनी साठी ओलांडली आहे.