छताचा सोल्व्हर: अखेर चारही कोर कामाला लागले

मंडळी, एकदाचं जमलं! छताचं तापमान चौकटी-चौकटीने काढणारा माझा प्रोग्रॅम (सोल्व्हर) आता प्रोसेसरच्या चारही कोरांवर चालतोय, आणि मुख्य लूपची वाटणी कम्पायलरने आपणहून केली. ऑब्जेक्ट फाइलवर (कम्पाइल झालेल्या कोडवर) ‘एनएम’ हे नावांची यादी दाखवणारं साधन चालवलं आणि माझ्या फंक्शनच्या नावाला ‘लूपएफएन.0’ असं शेपूट लागलेलं दिसलं. म्हणजे जीसीसी या कम्पायलरने लूपचा गाभा काढून वेगळं फंक्शन बनवलं आणि ते लिबगॉम्प या त्याच्या लायब्ररीच्या थ्रेड्सच्या (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या) हवाली केलं. आणि त्या लूपवर सोर्समध्ये ‘हे वाटून दे’ असं सांगणारी एकही ओळ (प्राग्मा) नाही!

त्याआधी ही वाटणी चालू करणाऱ्या कम्पायलरच्या फ्लॅगने फार छळलं. ‘ट्री-पॅरललाइझ-लूप्स=4’ दिला, ‘ओ2’ (ऑप्टिमायझेशनची पातळी) होतंच. ना एरर, ना वॉर्निंग, आणि एचटॉपमध्ये (कोर किती राबतात ते दाखवणारं साधन) राबतोय एकच कोर. शेवटी पारलूप्सचा, म्हणजे लूप वाटणाऱ्या टप्प्याचा, डिटेल्स डंप (सविस्तर नोंद) काढला. मुख्य लूपखाली लिहिलेलं: ‘फेल्ड: डेटा डिपेंडन्सीज एक्झिस्ट अक्रॉस इटरेशन्स’, म्हणजे लूपची एक फेरी दुसरीच्या डेटावर अवलंबून. जुनं आणि नवं तापमान वेगळ्या अ‍ॅरेत आहे हे मला ठाऊक, पण फंक्शनच्या हाती नुसते दोन पॉइंटर. ते एकाच मेमरीवर नाहीत हे कम्पायलरने कशावरून धरायचं? दोन्हींना ‘रिस्ट्रिक्ट’ (हे एकाच मेमरीवर नाहीत अशी हमी) लावलं (रांगेची लांबी 1024, आधीच पक्की आहे) आणि डंपमध्ये ‘सक्सेस’ उमटलं.

अडून बसला तो रेसिड्युअलचा, म्हणजे उत्तर अजून किती चुकतंय त्याची बेरीज करणारा, लूप. फ्लोटिंग पॉइंटची बेरीज क्रम बदलला की शेवटच्या अंकांत हलते. म्हणून ‘असोसिएटिव्ह-मॅथ’ची, म्हणजे क्रम बदलायची, मोकळीक दिल्याशिवाय जीसीसी ती वाटून देत नाही, आणि ते योग्यच आहे. अख्ख्या फाइलला ती मोकळीक द्यायची माझी तयारी नाही. तेवढ्या लूपवर ओपनएमपीचं (काय वाटायचं ते कोडमध्ये आपण सांगायची पद्धत) ‘रिडक्शन’, म्हणजे वाटून केलेली बेरीज, लावलं. अंक तिथेही हलतात, पण कुठे हलतात ते निदान कोडमध्ये दिसतं. शिवाय थ्रेड्सची संख्या चालवताना बदलता येते; ऑटो-पॅरललमध्ये माझ्या जीसीसीत ती कम्पाइल करतानाच गोठते. यासाठी मला ओपनएमपीच जास्त आवडतं.

टायमिंग मात्र पहाटेच घ्या. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी चारही कोर पेटले की क्लॉक (प्रोसेसरचा वेग) उतरतो आणि आकडे फसवतात. सीताबर्डीहून प्रोसेसरवर बसवायचा साधा टॉवर कूलर आणलाय. महागड्या थर्मल पेस्टपेक्षा त्याचाच उपयोग जास्त.

पुढचा बेत रेड-ब्लॅक गाउस-सायडेलचा (चौकटी दोन रंगांत वाटून आळीपाळीने मोजायच्या पद्धतीचा) होता. पण लिहिता लिहिता सुचलं, रेसिड्युअल दर फेरीला मोजायचाच कशाला? दर 100 फेऱ्यांनी पुरे. मग ती बेरीज एकाच थ्रेडवर राहिली तरी वेळ जाणार नाही, आणि जाकोबीत (माझी सध्याची पद्धत, नवं तापमान फक्त जुन्यावरून) प्रत्येक चौकट स्वतंत्र असल्याने थ्रेड्स किती का असेनात, उत्तर शेवटच्या बिटापर्यंत तेच येईल. रेड-ब्लॅक थांबू दे, आधी हेच करतो.