पूर ओसरला, क्लेम मात्र अडकला

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरात चार तासांत 100 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. आमचं तळमजल्याचं घर त्याच पट्ट्यात. आदल्याच दिवशी महालक्ष्म्यांचं जेवण झालं होतं. अंधारात आधी मेन स्विच पाडला, मग मुखवटे आणि कागदांची पिशवी घेऊन वरच्या काकूंकडे गेलो. फ्रिज, वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर, दिवाण, आलमाऱ्या, कुलर, सगळं खालीच राहिलं.

तलाठी पंचनाम्याला आले, आधार आणि पासबुक पाहून गेले. सरकारने जाहीर केलेले 10,000 रुपये खात्यात जमा झाले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पंचनाम्यात ‘घरात पाणी शिरून नुकसान’ एवढंच लिहीत होते, तेव्हा यांनी हात जोडून सांगितलं, ‘साहेब, पाणी किती फूट होतं आणि काय काय भिजलं तेही लिहा.’ त्यांनी लिहिलं. आम्ही लगेच त्याचा फोटो काढून ठेवला. त्या दोन ओळी पुढे फार कामी आल्या.

राग आहे तो विमा कंपनीचा. आमची पॉलिसी ‘भारत गृह रक्षा’. ही पॉलिसी 2021 पासून सगळ्या कंपन्यांना ठरलेल्या साच्यात द्यावी लागते आणि पूर त्यात येतोच. घराच्या विमा रकमेच्या 20 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत, घरातलं सामानही आपोआप धरलं जातं. म्हणजे आमचा हक्क स्पष्ट होता. त्याच सकाळी फोन केला, क्लेम नंबर घेतला, ईमेलही टाकला. नुकसान तपासायला कंपनीने नेमलेले सर्व्हेअर आले, भिंतीवरची पाण्याची रेघ टेपने मोजली, फोटो घेतले. माणूस सज्जन होता. इथवर सगळं ठीक.

मग सुरू झाली एकेका कागदाची मागणी. आधी प्रत्येक वस्तूचं मूळ बिल मागितलं. पुरात भिजलेल्या घरातून बिलं कुठून आणायची? सीताबर्डीच्या दुकानदाराने मोबाइल नंबरवरून फ्रिजचं बिल काढून दिलं, वॉशिंग मशीनचं ऑनलाइन खरेदीच्या खात्यात सापडलं, दिवाणासाठी बँकेचं स्टेटमेंट जोडलं. ते दिल्यावर म्हणे प्रत्येक उपकरण पाण्यानेच बिघडलं, असं मेकॅनिकचं लेटरहेडवर पत्र हवं. तेही दिलं. मग पावसाचा पुरावा हवा! ज्या पुरात लोकांना बाहेर काढायला लष्कर बोलवावं लागलं, त्या पुराचा पुरावा आम्ही द्यायचा. वर्तमानपत्रांची कात्रणं दिली. त्यानंतर घरकर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र मागितलं, कारण पॉलिसीवर अजून बँकेचं नाव होतं. हे पहिल्याच दिवशी सांगता आलं नसतं का? दर वेळी फोनवर नवा आवाज, आणि तेच उत्तर, ‘ताई, तुमची फाइल पेंडिंग दाखवते आहे.’ दिवाळी आम्ही पोपडे आलेल्या भिंतींच्या घरात केली. सासूबाईंचं वय ऐंशीच्या पुढे, त्या लोखंडी खाटेवर झोपत होत्या, आणि तिकडे कोणाला तरी आणखी एक झेरॉक्स हवी होती. आजही लिहिताना डोकं तापतं.

गाडी हलली ती लेखी तक्रारीने. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल केला: कोणकोणते कागद कोणत्या तारखेला दिले, आणि आता आणखी काय हवं ते एकदाच लेखी कळवा. उत्तर आलं नाही, म्हणून विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तीच तक्रार टाकली. त्यानंतर कंपनीचा फोन स्वतःहून आला. तेव्हाच्या नियमाने सर्व्हेअरचा अहवाल मिळाल्यावर 30 दिवसांत निर्णय द्यायचा होता, आणि उशीर झाला तर व्याज. मी ते वाक्यच तक्रारीत लिहिलं होतं. 2024 पासून नियम आणखी कडक झाले आहेत: 24 तासांत सर्व्हेअर नेमायचा, 15 दिवसांत अहवाल, त्यानंतर 7 दिवसांत निर्णय. कागद नाहीत म्हणून क्लेम नाकारताही येत नाही. हे माहीत असलं की फोनवर आवाज आपोआप ठाम होतो. तरीही नाही ऐकलं तर विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारे विमा लोकपाल आहेत, आणि तिथे वकील लागत नाही, फी नाही.

ज्यांच्या घरात आज पाणी आहे त्यांनी चिखल काढण्याआधी फोटो आणि व्हिडिओ काढावा, दारापासून सुरू करून खोल्यांमधून सलग. भिंतीवरची रेघ आणि शेजारी धरलेला टेप दिसला पाहिजे. फ्रिज, मशीन, इन्व्हर्टर यांच्या मागच्या स्टिकरवरचा सीरियल नंबर टिपायलाच हवा. आमच्या गल्लीत पुष्कळांनी वासामुळे सामान रस्त्यावर टाकलं, ते कचऱ्याच्या गाडीत गेलं, आणि मग सर्व्हेअरला दाखवायला काही उरलं नाही. आम्ही सगळं अंगणात ताडपत्रीखाली ठेवलं. शेजारी नाक मुरडत होते, पण मी हलू दिलं नाही आणि तेच बरोबर ठरलं. साफसफाईची मजुरी, पाणी उपसायच्या मोटरचं भाडं, सगळ्याच्या पावत्या घ्या.

वायरिंग तपासून झाल्याशिवाय मेन चालू करायचा नाही, इलेक्ट्रिशियन कितीही उशिरा येवो. जमिनीतल्या टाकीचं पाणी उपसून, ब्लीचिंगने धुवून मगच भरायचं. प्लास्टरच्या आत ओल राहते, म्हणून रंगाची घाई नको. आम्ही उन्हाळा जाऊ दिला. पैसे आल्यावर ओट्याखालची प्लायची कपाटं काढून तिथे कडप्पा बसवला आणि इन्व्हर्टर भिंतीवर उंच नेला.

गाडीचं राहिलंच. पाण्यात उभी असलेली गाडी चालू होते का बघायला स्टार्टर मारू नका. इंजिनात पाणी ओढलं गेलं तर आतले भाग वाकतात, आणि इंजिनाचं वेगळं संरक्षण घेतलेलं नसेल तर तो खर्च कंपनी बहुतेक वेळा नाकारते. टो करूनच न्या.